एका अक्षराचा पाठलाग: सिकलसेलच्या नळीपासून क्रिस्परच्या पट्टीपर्यंत

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे ज्युनियर एक प्रश्न हमखास विचारतात: ‘जीन एडिटिंगवर आधारलेला बायोसेन्सर म्हणजे काय? त्यात पेशंटचे जीन्स बदलतात का?’ उत्तर एका ओळीचं आहे: नाही, काहीच बदलत नाहीत. पण एवढं सांगून विषय संपत नाही. हे तंत्र कुठून आलं आणि कोणासाठी आलं, हा इतिहास माहीत नसेल तर संशोधन प्रस्ताव लिहिताना आपण भलत्याच ठिकाणी घसरतो. म्हणून आज थोडा इतिहास. सुरुवात मात्र आपल्याच तालुक्यातून करते.

काही वर्षांपूर्वी मी रानशेतपासून फार लांब नसलेल्या एका आश्रमशाळेत सिकलसेल तपासणीच्या शिबिरात मदतीला गेले होते. तिथली चाचणी अगदी साधी. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ‘निगेटिव्ह’, द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या तर ‘पॉझिटिव्ह’. आठवीतल्या एका मुलीची नळी गढूळ झाली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, ‘हिला सिकल निघालं.’ सगळ्या वर्गाने वळून पाहिलं. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि विचारलं, ‘ताई, म्हंजे मला आजार हाय का नाय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण नळीकडेच उत्तर नव्हतं. ही चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. ते आई-वडिलांपैकी एकाकडून आलंय (म्हणजे मुलगी फक्त वाहक आहे, तिला आयुष्यभर बहुधा काही त्रास होणार नाही) की दोघांकडून आलंय (म्हणजे ती रुग्ण आहे), हे नळी सांगत नाही. त्यासाठी नमुना पुढे पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. खाली जो शंभर वर्षांचा इतिहास सांगणार आहे, तो त्या मुलीच्या प्रश्नाला धरूनच वाचा.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी पाहिल्याचं छापलं. हा तरुण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आला होता. त्या काळी निदान म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि डोळा, एवढंच. पुढे लक्षात आलं की ऑक्सिजन काढून घेतला की या पेशी वाकतात. मग १९४८ च्या सुमारास सोडियम मेटाबायसल्फाइटसारखं रसायन घालून काचपट्टीवर पेशी मुद्दाम वाकवून बघायची चाचणी आली. शिबिरातली नळी याच कल्पनेची पुढची पिढी. डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, सिकल हिमोग्लोबिन विरघळेनासं होतं आणि द्रावण गढूळ दिसतं.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन पळवून दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतं. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार दिसतात. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं होतं. एखादा आजार एका रेणूतल्या बिघाडापर्यंत नेऊन दाखवण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये तो बिघाड आणखी नेमका केला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. डीएनएच्या भाषेत सांगायचं तर जीएजीच्या जागी जीटीजी. म्हणजे ‘ए’ च्या जागी ‘टी’. तीन अब्जांहून जास्त अक्षरांच्या पोथीत एका अक्षराची चूक.

इथून पुढचा इतिहास म्हणजे हे एक अक्षर वाचायचं कसं, त्याचा पाठलाग.

आपल्याकडे कधी कळलं?

बराच काळ सिकलसेल हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार समजला जायचा. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो असल्याचं दाखवलं. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. महाराष्ट्रात गावोगावी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याचं मोठं काम पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी केलं. त्यांच्या आणि लिंगोजवार यांच्या २००२ च्या निबंधात आदिवासी जमातींमधलं वाहकांचं प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलताना दिसतं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत ते २० ते ३५ टक्के. ‘आदिवासींमध्ये इतके टक्के’ असं सरसकट वाक्य लिहायची सवय असेल तर ती सोडा. जमातीगणिक आणि पट्ट्यागणिक आकडा बदलतो. नंदुरबारचा आकडा डहाणूच्या वारल्यांवर चिकटवता येत नाही.

हे अक्षर टिकून का राहिलं, याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी दिलं: वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे सिकल. जंगलपट्ट्यात हे दोन्ही सोबत सापडतात, त्यामागे हे कारण आहे. त्या आश्रमशाळेतल्या मुलीच्या रक्तात जे होतं ते कुठल्या पापाचं फळ नव्हतं. तिच्या पूर्वजांना ज्याने वाचवलं त्याचीच ती खूण होती.

पहिली कात्री

क्रिस्परला सगळे ‘जनुकीय कात्री’ म्हणतात. पण निदानासाठी वापरलेली ती पहिली कात्री नव्हे. जीवाणूंवर विषाणू हल्ला करतात, त्यांना फेज म्हणतात. फेजचा डीएनए तुकडे करून टाकायला जीवाणूंकडे रिस्ट्रिक्शन एन्झाइम असतात. ठरावीक अक्षरांची ओळ दिसली की ते तिथेच कापतात. या शोधासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी कान आणि डोझी यांनी अशा एन्झाइमने बीटा ग्लोबिन जनुकाच्या शेजारचा फरक पकडून गर्भातल्या बाळाचं सिकलसेल ओळखता येतं हे दाखवलं. १९८२ मध्ये त्याहून थेट मार्ग सापडला. ‘ए’ चा ‘टी’ झाला की एका एन्झाइमची कापायची जागाच पुसली जाते. निरोगी डीएनए कापला जातो, सिकलचा तसाच राहतो. किती तुकडे झाले ते मोजा, आणि निरोगी, वाहक, रुग्ण, तिन्ही वेगळे ओळखा.

अडचण एकच होती. यासाठी भरपूर डीएनए लागायचा आणि दिवस मोडायचे. मग १९८५ साल आलं. कॅरी मुलिस यांनी सुचवलेली पीसीआर पद्धत ‘सायन्स’मध्ये पहिल्यांदा छापून आली, ती रँडल साइकी आणि सहकाऱ्यांच्या निबंधात. विषय कोणता? बीटा ग्लोबिनचा तुकडा वाढवून सिकलसेलचं निदान! कोविडमध्ये घराघरात पोचलेला ‘पीसीआर’ हा शब्द जगात आला तोच सिकलसेलचा हात धरून.

आता मागे वळून बघा. रेणूचा पहिला आजार: सिकलसेल. प्रथिनातला एका घटकाचा बदल पहिल्यांदा कशात दाखवला: सिकलसेलमध्ये. डीएनएवरून गर्भातलं निदान: सिकलसेल. पीसीआर: सिकलसेल. एकामागून एक नव्या तंत्रांनी आपली सुरुवातीची परीक्षा याच आजारावर दिली. आणि तरीही आश्रमशाळेत पोचली ती गढूळ होणारी नळीच. एचपीएलसी यंत्रं शहरातल्या मोठ्या संस्थांत बसली. प्रयोगशाळेत हा आजार पहिला, पाड्यावर मात्र शेवटचा. इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

दुसरी कात्री

१९८७ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या योशिझुमी इशिनो यांच्या गटाला ई. कोलाय जीवाणूच्या डीएनएत एक विचित्र ओळ परत परत आलेली दिसली. अर्थ कळला नाही, त्यांनी तसं लिहून ठेवलं. १९९३ मध्ये स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरातल्या सूक्ष्मजीवात तसंच काही दिसलं. ते वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले. २००२ मध्ये ‘क्रिस्पर’ हे नाव रूढ झालं आणि २००५ मध्ये मोहिकांनी दाखवलं की त्या ओळींच्या मधले तुकडे फेजच्या डीएनएशी जुळतात. म्हणजे जीवाणूने जुन्या शत्रूंची नोंदवही ठेवली होती. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या बारांगू आणि होर्वाथ यांनी दह्यातल्या जीवाणूवर प्रयोग करून सिद्ध केलं की ही खरोखर प्रतिकारशक्तीच आहे.

२०१२ मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांनी या यंत्रणेतला कॅस९ हवा तिथे नेऊन कापायला लावता येतो हे दाखवलं. गाइड आरएनए म्हणजे पत्ता, कॅस९ म्हणजे तो पत्ता शोधणारा आणि कापणारा. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

पहिली आणि दुसरी कात्री, दोन्ही जीवाणूंच्या फेजविरोधी लढाईतून आल्या. फरक एवढाच की रिस्ट्रिक्शन एन्झाइमचा पत्ता निसर्गाने कायमचा ठरवून दिलेला असतो. क्रिस्परचा पत्ता आपण लिहू शकतो. निदानासाठी महत्त्वाचं आहे ते हे, कापणं नव्हे. म्हणूनच ‘जीन एडिटिंगवर आधारलेला’ हे विशेषण थोडं फसवं आहे. सेन्सरमध्ये एडिटिंग होत नाही. एडिटिंगच्या यंत्रातला पत्ता ओळखणारा भाग उसना घेतलेला असतो.

सेन्सर कसा बनतो?

बायोसेन्सरची कल्पना क्रिस्परपेक्षा खूप जुनी आहे. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम बसवायची कल्पना मांडली. साखर मोजायच्या घरगुती यंत्राचं मूळ तिथे आहे. व्याख्या साधी: एक ओळखणारा जैविक भाग आणि त्या ओळखीचं वाचता येईल अशा खुणेत रूपांतर करणारा दुसरा भाग. पहिला भाग क्रिस्परचा असला की झाला क्रिस्पर बायोसेन्सर.

यात दोन घराणी आहेत. पहिलं घराणं ‘सोबतच्या तोडफोडी’चं. २०१६ मध्ये कळलं की कॅस१३ हे प्रथिन आपलं लक्ष्य सापडलं की पिसाळतं, आजूबाजूचा मिळेल तो आरएनए तोडत सुटतं. मग संशोधकांनी नळीत एक छोटा आरएनए सोडला, जो तुटला की चमकतो. लक्ष्य असेल तर चमक, नसेल तर अंधार. २०१७ मध्ये यावर ‘शेरलॉक’ पद्धत आली. २०१८ मध्ये कॅस१२ वापरून ‘डिटेक्टर’ आली, तिने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित एचपीव्ही विषाणूचे प्रकार ओळखून दाखवले. मे २०२० मध्ये शेरलॉकवर आधारलेल्या कोविड चाचणीला अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली.

दुसरं घराणं नुसत्या ‘बसण्या’चं. प्रथिन पत्त्यावर जाऊन बसलं का, एवढंच बघायचं. आपली भारतीय गोष्ट या घराण्यातली आहे.

फेलुदा

दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांचा गट फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूच्या कॅस९ वर काम करत होता. हे प्रथिन चुकीच्या अक्षराबाबत फार चिकित्सक आहे. गट काम करत होता तो सिकलसेलवर. त्यांनी केलेली युक्ती समजून घ्या, मुलाखतीत उपयोगी पडेल. गाइड आरएनएमध्ये त्यांनी मुद्दाम एक अक्षर चुकीचं ठेवलं. सिकलच्या डीएनएशी गाइडचं एकच अक्षर जुळत नाही; तेवढं प्रथिन चालवून घेतं आणि बसतं. निरोगी डीएनएशी दोन अक्षरं जुळत नाहीत. तिथे ते बसत नाही. एका अक्षराचा फरक असा ‘बसलं’ की ‘नाही बसलं’ यात उतरतो. पुढे गरोदरपणाच्या चाचणीसारखी कागदी पट्टी: बसलेलं प्रथिन रेघेवर अडकतं, रेघ उमटते.

२०२० च्या सुरुवातीला कोविड आला आणि गटाने हेच तंत्र त्या विषाणूकडे वळवलं. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं नाव त्याला मिळालं, फेलुदा. (गट मराठी असता तर कदाचित बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ मिळाला असता.) टाटा समूहाने संच तयार केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी त्याला परवानगी दिली. संवेदनशीलता ९६ टक्के, विशिष्टता ९८ टक्के असं जाहीर झालं.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण क्रम लक्षात घ्या. सिकलसेलसाठी घडवत असलेलं तंत्र बाजारात पोचलं ते कोविडची चाचणी म्हणून. १९८५ ची आठवण येते ना? यात कोणाची चूक नाही, महामारीत तेच करायला हवं होतं. पण सिकलसेलची पाळी पुन्हा मागे गेली, हेही तितकंच खरं.

९६ आणि ९८ चा अर्थ

आता थोडं गणित, कारण इथे बरेच विद्यार्थी अडकतात. समजा एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ९६ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे. १०,००० लोक तपासले आणि त्यात खरोखर १ टक्का, म्हणजे १०० लोक, बाधित आहेत. चाचणी त्यातले ९६ पकडेल. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी २ टक्के, म्हणजे १९८, चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह २९४, त्यात खरे ९६. म्हणजे साधारण तिघांमागे एकच खरा.

तीच चाचणी प्रमाण २० टक्के असलेल्या लोकांत लावा. २,००० बाधितांपैकी १,९२० पकडले, ८,००० निरोग्यांपैकी १६० चुकीचे. आता पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९२ टक्के खरे. चाचणी तीच, पट्टी तीच. फक्त गाव बदललं. म्हणून जमातीगणिक आकडा वेगळा असतो हे मघाशी सांगितलं, ते नुसतं माहितीसाठी नव्हतं.

कोविडची चूक पंधरा दिवसांत निस्तरते. जनुकाची चुकीची चिठ्ठी मुलीच्या लग्नापर्यंत मागे लागते.

डहाणूत काय लागेल?

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट. राज्यात मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था या विषयावर काम करते, चंद्रपूरला तिचं केंद्र आहे. डहाणूतही आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. म्हणजे ‘आपल्याकडे काहीच नाही’ असं म्हणून प्रस्ताव सुरू करू नका, परीक्षक पहिल्याच पानावर थांबवतील.

मग क्रिस्पर पट्टी आणली की प्रश्न सुटला? नाही. तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहा.

पहिली: फेलुदात आधी डीएनए वाढवावा लागतो, म्हणजे पीसीआर यंत्र, वीज, थंड ठेवायची रसायनं. पट्टी स्वस्त असली तरी पट्टीपर्यंतचा रस्ता स्वस्त नाही.

दुसरी: एकाच पट्टीवर रेघ उमटली तर ‘सिकलचं अक्षर आहे’ एवढंच कळतं. हे तर नळीही सांगत होती! वाहक की रुग्ण हे सांगायला निरोगी अक्षर आहे का हेही वेगळं विचारावं लागतं, किंवा रेघ किती गडद ते मोजावं लागतं. प्रस्तावात हा भाग नसेल तर आपण नवी, महागडी नळीच बनवतोय.

तिसरी: प्रतिपिंडांवर चालणाऱ्या ‘हिमोटाइप एससी’, ‘सिकल स्कॅन’ अशा साध्या पट्ट्या आज आहेत. त्या पीसीआरशिवाय थेट रक्ताच्या थेंबावर निरोगी, वाहक, रुग्ण वेगळे करतात. आपली स्पर्धा १९४८ च्या काचपट्टीशी नाही, यांच्याशी आहे. मग क्रिस्परला जागा कुठे? जिथे प्रथिन बघून भागत नाही तिथे: नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णात, गर्भातल्या बाळात, सिकलसोबत थॅलेसेमियाचे वेगवेगळे बदल ओळखायला, किंवा क्षयरोगाच्या जीवाणूत औषधाला दाद न देणारं अक्षर शोधायला. तिथे पत्ता लिहिता येणं हे खरं बळ आहे.

उपचारांचंही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. आजार कोणता? पुन्हा सिकलसेल. अमेरिकेत तेव्हा जाहीर झालेली किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

शेवटी

त्या मुलीचा नमुना पुढे गेला आणि काही आठवड्यांनी निकाल आला. ती वाहक होती. तिला तसं नीट समजावून सांगितलं: तुला आजार नाही, पुढे लग्न करताना जोडीदाराची तपासणी करून घे, कारण दोघंही वाहक असतील तर दर खेपेला बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मंग वर्गात पन सांगा ना.’

त्या दिवशी आम्ही वर्गात जाऊन सांगितलं. पण ते आठवडे तिने ‘सिकलवाली’ म्हणून काढले होते. ते कुठल्याच शोधनिबंधाच्या तक्त्यात येत नाहीत.

सेन्सरच्या निबंधात ‘निकाल मिळायला लागणारा वेळ’ नावाचा एक रकाना असतो. आपण तो मिनिटांत भरतो, थेंब पडल्यापासून रेघ उमटेपर्यंत. मी माझ्या वहीत तो वेगळा मोजते: थेंब पडल्यापासून त्या माणसाला आपल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळेपर्यंत. तुमच्या प्रस्तावात हा रकाना असा भरून बघा. कोणतं तंत्र निवडायचं, ते बऱ्याचदा तिथेच ठरतं.